बोर्डोकाकू

काकूंचे हात निळे असायचे. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांमधल्या भेगा, तळहाताच्या रेषा, सगळीकडे मोरचुदाचा फिकट निळा रंग बसलेला. लग्नकार्यात शेजारी बसलेल्या बायका त्या हातांकडे बघून जरा सरकून बसत. काकू हात पदराखाली घेत नसत. उलट दोन्ही पंजे समोर धरून सांगायच्या, "मोरचूद अन चुना. बोर्डो म्हणतात त्याले. तुमच्या मेंदीपेक्षा पक्का हाये हा रंग." त्यावरूनच सगळ्या नात्यागोत्यात त्यांचं नाव बोर्डोकाकू पडलं. ठेवलं होतं चिडवायला, पण त्यांनी ते पदवीसारखं वापरलं. माझ्या दुकानात फोन करायच्या तेव्हा म्हणायच्या, "बोर्डोकाकू बोलून राहिली."

नागपूरच्या जरीपटक्यात माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. बी-बियाणं, खतं, फवारणीचे पंप. काकूंशी माझं नातं गिऱ्हाइकाचं, आणि गिऱ्हाईक म्हणून त्या फार वाईट होत्या. बाटली हातात घेतली की पुढचं रंगीत चित्र त्या बघतच नसत. आधी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचायच्या, मोठ्यानं, दुकानात दहा माणसं उभी असताना. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी फळ तोडायचं, हे तिथं लिहिलेलं नसलं किंवा पुसट छापलेलं असलं, तर बाटली परत काउंटरवर. "ज्यानं बनवलं त्यालेच सांगायची लाज वाटते, तं मी कायले घेऊ?"

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. काकूंचं अर्धं आयुष्य तिथल्या वसाहतीत गेलं. क्वार्टरच्या अंगणात त्यांनी हौसेनं द्राक्षाची एक वेल लावली होती. दर पावसाळ्यात तिची पानं पिवळी पडून गळायची आणि दर उन्हाळ्यात ती पुन्हा फुटायची. ही वेल मरत का नाही आणि धड जगतही का नाही, हा प्रश्न काकूंच्या डोक्यात बसला. काका निवृत्त झाल्यावर सावनेर रस्त्यावरची वडिलोपार्जित चार एकर जमीन त्यांच्या वाट्याला आली. सगळं गाव संत्र्याचं. काकू म्हणाल्या, दोन एकर द्राक्षं. थोरले दीर हसले, म्हणाले, "वहिनी, नागपुरात द्राक्षं? इथला पाऊस पाहिला का? बुरशीच खाईल सगळी."

"खाऊ द्या," काकू म्हणाल्या. "पण मी बसून पाहणार नाई."

त्या एकट्या रेल्वेनं नाशिककडे गेल्या आणि द्राक्ष बागायतदारांच्या एका शिबिरात जाऊन बसल्या. दीडशे पुरुषांत ही एक बाई. कोणीतरी विचारलं, "मावशी, कुठून आलात?" नागपूर म्हटल्यावर तो माणूस हसून म्हणाला, "मग संत्री लावा की!" काकूंनी विचारलं, "काहून? संत्र्यानं नागपूरचा ठेका घेतला का?" हा प्रसंग त्या मला दर वर्षी सांगत, आणि दर वर्षी त्यात हसणाऱ्यांची संख्या वाढत जाई.

त्यांच्या बागेत मी पहिल्यांदा गेलो तो त्यांना खोटं ठरवायला. मी सांगितलेली भुरीची, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीची, पावडर त्या घेत नव्हत्या. पानांवर पांढरं पडलेलं तर मी रस्त्यावरूनच पाहिलं होतं. काकूंनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं. "अंगठ्यानं पूस." पुसलं. पांढरं गेलं, खाली हिरवंगार पान. बोटाला कचकच लागली. बागेच्या पलीकडून गिट्टीचे ट्रक जायचे, त्यांची धूळ होती ती. मग त्यांनी आतल्या बाजूचं, सावलीतलं दुसरं पान दिलं. तेही पांढरं, पण पुसल्यावर खाली मळकट काळसर डाग उरला. "ही भुरी. दोन वेलींवर हाये फक्त. हवा लागत नाई म्हणून झाली. तिथली पानं काढली, गंधक मारलं. दोन वेलींसाठी दोन एकर बुडवू का तुह्या पावडरीत?" वीस वर्षं दुकान चालवणारा मी, धूळ आणि भुरी यांतला फरक मला त्या दिवशी कळला. ही गोष्ट सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

बुरशीवर फवारायचं बोर्डो त्या स्वतः बनवायच्या. प्लास्टिकच्या ड्रमात मोरचूद वेगळा, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र. शेवटी विळ्याचं टोक त्या मिश्रणात बुडवून ठेवायच्या. टोकावर तांब्याचा लालसर थर चढला की म्हणायच्या, "चुना कमी पडला, पानं जळतील." पुन्हा चुना, पुन्हा विळा. टोक जसंच्या तसं निघालं तरच फवारणी.

मग ती दिवाळी आली. कोरोनाच्या आधीची. दसऱ्यानंतर काकूंनी फळछाटणी केली, वेलींना कोवळे फुटवे आले, कळीचे घोस दिसू लागले आणि पाऊस लागला. परतून गेलेला पाऊस पुन्हा आला आणि आठवडाभर थांबलाच नाही. असं हवामान म्हणजे डावणी बुरशीला आमंत्रण. पानाच्या वरच्या बाजूला तेलाचा डाग पडल्यासारखं पिवळं दिसतं, पान उलटं केलं की खाली पांढरा कापूस. हा रोग घोसावर गेला की चार दिवसांत घोस वाळतो.

काकूंच्या बांधाला लागून बंडूभाऊंची तीन एकर बाग होती. काकूंचं बघूनच त्यांनी लावलेली. बंडूभाऊ माझ्याकडे आले. कंपनीच्या प्रतिनिधीनं नुकतीच एक नवी पावडर माझ्याकडे भरून ठेवली होती. ती दिली. पहिल्या फवारणीला छान गुण आला. त्यांनी दुसऱ्यांदा तीच मारली, तिसऱ्यांदा तीच. प्रत्येक वेळी मी काढून देत गेलो.

काकू दुकानात आल्या तेव्हा मी त्यांनाही तीच दाखवली. त्यांनी मागची बाजू वाचली. "गेल्या फवारणीत मी मारलेलं अन हे, एकाच गटातलं हाये. बुरशी शाळेत जाते, दिनेश. तोच धडा दोनदा दिला तं पाठ होते तिले."

"काकू, पाऊस बघा. आता हात आखडू नका."

"हात कोण आखडून राहिलं? चाल, दाखवते."

मी गेलो. पावसात काकू आणि चार बाया डोक्यावर पोती घेऊन वेलीखाली उभ्या होत्या आणि पानं तोडत होत्या. नुसती पानं नाहीत, दाट वाढलेले फुटवे, डाग पडलेले घोस, सगळं. तोडलेलं पोत्यात, आणि पोती बागेबाहेर खड्ड्यात. थोरले दीर बांधावर छत्री धरून ओरडत होते, "वहिनी, स्वतःच्या हातानं फळ तोडता? येड लागलं का?"

काकूंनी मान वर केली नाही. "अर्धं मी तोडून राहिली भाऊजी. नाई तोडलं तं बुरशी पूर्ण खाईल. मले अर्ध्याचा मान तरी राहू द्या."

पाऊस दोन तास थांबला की हलका बोर्डो. पुन्हा पाऊस, पुन्हा तोडणी, मग वेगळ्या गटाचं औषध. काकूंचा आवाज बसला, पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या. शेवटी आभाळ उघडलं तेव्हा त्यांच्या बागेतून आरपार पलीकडचा रस्ता दिसत होता, इतकी ती विरळ झाली होती. पण जे घोस उरले होते ते हिरवे होते.

बंडूभाऊंची तीन एकर बाग पूर्ण गेली. ते वाळलेल्या घोसांचं क्रेट घेऊन आले आणि माझ्या काउंटरवर पालथं केलं. रस्त्यावरची माणसं गोळा झाली. बंडूभाऊ मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. योगायोगानं काकू तिथेच होत्या. मला वाटलं, त्या माझी बाजू घेतील. बंडूभाऊंना त्यांनी पाण्याचा ग्लास दिला, म्हणाल्या, "बंडू, वेली जित्या हायेत. खोडं पाहून आली मी. पुढच्या साली फळ येईल, मी उभी राहीन तुह्या बागेत." ते गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"तीनदा दिलं तू त्याले. एकदा तरी म्हटलं का, पान आणून दाखव?"

"मी दुकानदार आहे, काकू. डॉक्टर थोडाच आहे?"

"मंग शटरवर लिही तसं. 'इथं काय होते ते आम्हाले माहीत नाई, फक्त विकतो.' लिही ना!"

त्या निघून गेल्या. मी वाळलेले घोस एकेक करून उचलले. दुसऱ्या दिवशी मी शटरवर खरंच एक पाटी लावली, पण वेगळी: 'पान दाखवल्याशिवाय औषध मिळणार नाही.' गिऱ्हाइकं चिडली, काही कायमची तुटली. कंपनीचा प्रतिनिधी आला, पाटी वाचून म्हणाला, असं असेल तर एजन्सी दुसऱ्याला द्यावी लागेल. मी म्हटलं, द्या. असं बोलण्याची हिंमत माझ्यात नव्हती, ती उसनी होती. कुणाची, ते सांगायला नको.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काका गेले. काकूही दवाखान्यात होत्या, त्या वाचल्या. पण साखर चढलेली होती. घरी आल्यावर आठवड्यात डावा गाल सुजला, दात दुखू लागले, डोळा उघडेना. काळी बुरशी. ते नाव ऐकलं आणि मी दुकानाचं शटर ओढलं. त्यांचा मुलगा संदीप आणि मी इंजेक्शनांसाठी शहरभर फिरलो. या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये. कुठे एक मिळायचं, कुठे नुसती मान हलायची.

डॉक्टर म्हणाले, डोळा काढावा लागेल, नाहीतर बुरशी मेंदूकडे जाईल. संदीप रडायला लागला, म्हणाला, दोन दिवस वाट पाहू, इंजेक्शनांनी कदाचित थांबेल. काकूंना बोलणं जड जात होतं. त्यांनी हातानं त्याला गप्प केलं.

"वाट पाहायची नाई. रोगट फांदी ठेवली तं वेल जाते. छाटा, डॉक्टरसाहेब. आजच छाटा."

आत नेताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "हे जे इंजेक्शन देऊन राहिले, ते लागू नाई पडलं तं दुसऱ्या गटाचं हाये ना तुमच्याजवळ?" डॉक्टरांनी हातातली फाईल पुन्हा उघडून पाहिली. मग "आहे" म्हणाले.

नंतर काकू मनीषनगरला संदीपच्या फ्लॅटमध्ये राहिल्या. नकली डोळा बसवायला त्यांनी नकार दिला. काळा चष्माही नाही. लिफ्टमध्ये लहान मुलं घाबरायची, तेव्हा त्या वाकून सांगायच्या, "बुरशीसंग भांडण झालं होतं बाळा. ती एक घेऊन गेली, पण मले नाई नेऊ शकली."

घरात कोणाला वाटलं नव्हतं, पण दसरा आला तशी त्यांनी कात्री मागितली. नेणार कोण? सून प्राची घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची. लग्नाला सहा वर्षं झाली तरी बागेत तिनं पाय ठेवला नव्हता, आणि सासू-सुनेचं फार जमत होतं असंही नाही. ती म्हणाली, "चला, मी नेते." त्या दिवशी मीही गेलो होतो. काकूंनी कात्री उघडली आणि ती हवेत मिटली. एका डोळ्यानं अंतर कळत नाही. काडी वीतभर पुढे होती. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हुकल्या. बांधावर थोरले दीर उभे होतेच.

काकूंनी कात्री प्राचीच्या हातात दिली आणि काडी स्वतःच्या मुठीत धरली. आमच्याकडे काडीवरच्या फुटणाऱ्या गाठींना डोळे म्हणतात. किती डोळे ठेवून कापायचं, यावर सगळं पीक. काकू अंगठ्यानं चाचपत मोजू लागल्या, "एक, दोन, तीन..." आठव्यावर थांबल्या. "इथं काप वं." मग दिरांकडे तोंड करून म्हणाल्या, "माहा एक गेला भाऊजी, पण ह्या एका काडीवर आठ हायेत. कमी पडणार नाईत."

तीन हंगाम त्या दोघींनी अशी छाटणी केली. बंडूभाऊंची बागही त्यांनीच उभी केली. दर शनिवारी प्राचीची गाडी सावनेर रस्त्याला लागायची आणि आत दोघींचं भांडण चाललेलं असायचं. गंधक कधी मारायचं, यावरून.

गेल्या श्रावणात काकू गेल्या. हृदय थांबलं, दुपारी, चहाचा कप हातात असताना. तेरवीला सगळा गोतावळा जमला. पंगत उठल्यावर थोरल्या दिरांनी विषय काढला. आवाजात दुष्टावा नव्हता, थकवा होता. "संदीप, आता बस झालं. तिची हौस होती, झाली. वेली काढू अन संत्रा लावू. निवांत राहा."

प्राची भांडी आवरत होती. ती हातातलं पातेलं ठेवून मधल्या खोलीत थोरल्या दिरांसमोर आली.

"काका, दसऱ्याला छाटणी आहे. मी आठ दिवसांची रजा टाकली आहे. ज्यांना यायचं त्यांनी कात्री घेऊन या."

"पोरी, बुरशी येईल. यंदा पाऊस लांबणार म्हणतात."

"हो, येईल," प्राची म्हणाली. "दर वर्षीच येते."

छाटणीला आम्ही सात जण होतो. बंडूभाऊ सगळ्यांच्या आधी पोहोचले होते. आठ दिवसांत दोन एकर झाली. पाऊस लांबला, डावणी आली, प्राचीनं गुडघाभर चिखलात उभं राहून पानं तोडली आणि तिच्याही आवाजाचं खोबरं झालं. वेलींच्या काही ओळी हातच्या गेल्या.

बाकीच्या उभ्या आहेत.