लोखंडाखालची पेरणी

आज सकाळी धामणगाव बढेच्या वेल्डिंगच्या दुकानात पेरणीयंत्राचा तुटलेला फण जोडून घेत होतो. जळत्या लोखंडाचा वास नाकात शिरला आणि मी थेट परदेशातल्या गोदीत जाऊन उभा राहिलो.

तिथं मी आणि वरवट बकालचा सुभाष, दोघंही वेल्डर. एका मोठ्या क्रूझ जहाजाचा पहिला भाग त्या दिवशी क्रेननं कोरड्या गोदीच्या तळावर उतरवायचा होता. त्याच्याखाली नाणं ठेवायची तिथली रीत. नाणं ठेवून झालं आणि सुभाष पुढं सरकला. खिशातली ज्वारी मुठीत घेऊन, पेरताना तिफणीच्या चाड्यावर मूठ धरावी तशी तो नाण्यावर सोडू लागला.

"लोखंडाखाली काय उगवते बे?" मी कुजबुजलो. "कामावरून काढतीन आपल्याले!"

"मायनं देली. म्हने, मूठ धरल्याबिगर सुरुवात करू नको."

गोऱ्या मुकादमानं ते पाहिलं आणि क्रेन थांबवायला हात वर केला. ते धूड आमच्या डोक्यावर तसंच लटकत राहिलं. सुभाषची मूठ रिकामी होईपर्यंत मुकादम तसाच हात धरून उभा राहिला, मग त्यानं हात खाली केला.

जहाज पहिल्या सफरीला निघालं तेव्हा आम्ही गावी परतलो होतो. सुभाषची तेव्हाची रांगती पोर यंदा त्याच जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली. दुकानात उभ्या उभ्याच तिनं पाठवलेला व्हिडिओ पाहिला. पांढरा कोट घालून ती हसत होती, मागं नुसता समुद्र.

मी लगेच सुभाषला फोन लावला.

"काय झालं बे?"

"उगवलं," मी म्हणालो.