कडूबाईची स्वप्नं ऐकणारी माणसं

ताडकळसच्या कडूबाईला लहानपणापासून स्वप्नं फार पडायची. सकाळी चुलीवर चहा ठेवला की ती सांगायला लागे. काल नदीतून पाण्याऐवजी कापूस वाहत होता, मी त्यातून चालले होते, तळव्यांना गार गार लागत होतं, आणि पल्याड कुणीतरी माझ्या नावानं हाक मारत होतं. मग? मग काही नाही, जाग आली. तिची स्वप्नं अशीच मध्येच थांबत. नवरा दिनकरराव चहाचा शेवटचा घोट घेऊन उठे आणि म्हणे, "तुझ्या सपनात माझा हरवलेला विळा कुठं दिसला तर सांग बरं का." एवढं बोलून तो शेताकडं निघे.

गेल्या दिवाळीत त्यांची मुलगी प्राची घरी आली होती. ती परभणीला एका क्लासच्या ऑफिसात काम करते. आई ओट्यावर तुरीची डाळ निवडत स्वप्न सांगत होती, ते तिनं गंमत म्हणून मोबाईलवर घेतलं आणि नेटवर टाकलं. दोन दिवसांत तीनशे जणांनी पाहिलं. मग प्राचीनं आईच्या नावाचं पानच उघडून दिलं. मोबाईल खांबाला कसा बांधायचा, कुठं दाबायचं, सगळं शिकवलं. तेव्हापासून कडूबाई आधी खांबाला स्वप्न सांगे, मग नवऱ्याला.

होळीपर्यंत सातशे माणसं झाली. कितीतरी जण तिला नावानिशी ठाऊक झाले होते. पुण्यात रिक्षा चालवणारा एक भागवत होता. औरंगाबादेत रात्रपाळी संपवून ऐकणारी एक नर्स होती. आणि जिंतूरची कुणी राजेश्री. ती रोज दोनच शब्द लिही, 'ऐकलं, मावशी.' ते दोन शब्द आले की कडूबाईला वाटे, आता दिवस उजाडला.

चैत्रात मात्र काय झालं कोण जाणे, स्वप्नं पडायचीच थांबली. डोळे मिटावेत आणि उघडावेत, मध्ये काहीच नाही. तिसऱ्या दिवशी प्राचीचा फोन आला.

"आई, काही टाकलं न्हाईस? खंड पडला की लोकं दुसरीकडं जातात."

"पडलंच न्हाई तर काय सांगू?"

"मनानं सांग की एखादं. कुणाला कळायलंय? अन् देवाचं सांग, देवाचं लय चालतं."

कडूबाईनं एक दिवस कळ काढली. दुसऱ्या दिवशी खांबापुढं बसून तिनं सांगितलं, की स्वप्नात ती पोखर्णीला गेली, पायरीशी चपला काढल्या, आत नरसिंहासमोर उभी राहिली, तेव्हा सगळ्या समया आपोआप लागल्या आणि आवाज आला, 'तुझं भलं होईल.' मग ती घरी परत आली. सांगताना जीभ जड झाली होती, पण सांगून झालं.

आठ दिवसांत सहा हजार नवी माणसं आली. प्राचीचा आनंद फोनमध्ये मावेना. कडूबाईनं तशीच आणखी तीन स्वप्नं रचली. बाजारात एका अनोळखी बाईनं भाजीच्या ढिगाजवळ वाकून तिच्या पायांना हात लावला, आणि कडूबाई मेथी न घेताच घरी आली.

या सगळ्या दिवसांत जिंतूरहून ते दोन शब्द आले नव्हते. नवव्या दिवशी आला तो वेगळाच मजकूर. 'मावशी, राग मानू नका. स्वप्नात तुमच्या पायात कधीच चपला नसतात. मग पोखर्णीला काढल्या त्या कुठल्या?'

कडूबाईनं ते तीनदा वाचलं. मग ओट्यावर बसून एकेक स्वप्न आठवून पाहिलं. कापसाची नदी, आभाळातली पायवाट, पाण्याखालची शाळा. खरंच की, सगळीकडं अनवाणी! आपलंच स्वप्न, आणि आपल्यालाच पत्ता नाही. आधी लाजेनं तिचे कान तापले. मग आतून हळूहळू मोकळं वाटू लागलं. इतके दिवस त्या वाटांवर कुणीतरी पावलांचा आवाज न करता मागून येत होतं तर.

दुसऱ्या दिवशी ती खांबासमोर बसली. "पोखर्णीचं सपान मला पडलं न्हाई. त्याच्या मागची तीन बी न्हाई. मी रचली. देवाची माफी मागितली, आता तुमची मागते. लय दिवस झाले, मला सपानच पडंना."

संध्याकाळी प्राची फोनवर रडकुंडीला आली. "आई, काय केलंस हे? निम्मे गेले की!"

"जाऊ दे ग. ते माझ्याकडं कुठं आले व्हते? देवाकडं आले व्हते."

गळती लागली ती महिनाभर. शेवटी आठ-नऊशे माणसं राहिली, आणि ती बोलायला लागली. भागवतनं लिहिलं, की त्याच्या रिक्षाच्या मागच्या सीटवर ज्वारी उगवली होती आणि सिग्नलला ती डुलत होती. नर्सनं लिहिलं, की वॉर्डातल्या सगळ्या खाटा झाडाखाली ठेवल्या होत्या. कडूबाई ती स्वप्नं सकाळी वाचून दाखवू लागली. अधूनमधून तिचंही एखादं येई, अर्ध्यावर तुटलेलं.

मग एका बाजाराच्या दिवशी चाळिशीची एक बाई दारात उभी राहिली. "मी राजेश्री. जिंतूरच्या शाळेत क्लार्क हाय."

कडूबाईनं तिला आत नेलं. भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, असं पोटभर वाढलं. हात धुताना विचारलं, "बाई, माझ्या पायाकडं तुझं ध्यान कसं गेलं?"

राजेश्रीनं पदराला हात पुसले. "आई गेल्यापासून मला स्वप्नच पडत न्हाई, मावशी. सात वर्षं झाली. म्हणून तुमचं ऐकते. एकेक तीनतीनदा. तुमच्या मागं मागं चालायचं म्हणलं, की पायाकडंच नजर राहते."

कडूबाईनं ओसरीतल्या खाटेवर गोधडी टाकली. "पड घटकाभर. उन्हाचं आलीस."

बाहेर लिंबाची सावली हलत होती. राजेश्रीला बघता बघता झोप लागली. साडेतीनच्या सुमारास दिनकरराव घाईनं आला. "पाव्हणीची परभणीची गाडी लागलीय, तिथनं पुढं जिंतूरची धरायची हाय, उठव की तिला."

कडूबाईनं हात वर करून त्याला थांबवलं. राजेश्रीच्या मिटल्या पापण्यांखाली बुबुळं सावकाश सरकत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओठही पुटपुटल्यासारखे हलत होते.

"गप बसा तिकडं," कडूबाई कुजबुजली.

"अन् गाडी?"

"दुसरी हाय की सांजच्याला."

फाट्यावरून एसटीचा हॉर्न आला. कडूबाईनं राजेश्रीच्या कानावर अलगद तळहात धरला आणि गाडीचा आवाज दूर जाईपर्यंत तो तसाच ठेवला.