डाव्या दाराच्या रेघा

परवा सावेडीतल्या आमच्या सोसायटीचं फाटक रंगवलं. ऑइलपेंटचा वास नाकात शिरला आणि मी थेट पारनेरला, दादांच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांची गाडी दोन माणसांची, शर्यतीची. इंजिनात जोरानं हवा कोंबणारा सुपरचार्जर होता, त्यामुळे पळताना शीळ घालायची. आधी नगरच्या कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाची, मग एका डॉक्टरांची, मग आमची. सीटवर साहेबाच्या सिगारेटचं भोक होतं, डॉक्टरांच्या आयोडीनचा डाग होता, आणि डाव्या दारावर आईच्या पाटल्यांच्या रेघा. ती हात बाहेर टाकून बसायची ना. आई जाऊन वर्ष झालं होतं. दादा गाडीला रंग लावू देत नसत.

बहात्तरच्या खंडेनवमीला, अवजारं पुजायच्या दिवशी, अठरा वर्षांच्या या शहाणीला वाटलं, गाडी नवी करून दादांना हसवावं. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग मी दोन्ही दारांना फासला. वर झेंडूची माळ. पोळ्याचा बैलही मिरवत नसेल इतकी मी मिरवत होते.

दादा आले. डाव्या दारावरून बोटं फिरवत राहिले, पंजा लाल झाला तरी. तेव्हा कुठं मला उमजलं, आईच्या रेघा रंगाखाली गेल्या होत्या. माझ्या हातात आईच्याच पाटल्या होत्या. त्या मी ओल्या रंगावर घासायला लागले.

दादांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे, पोरी. त्या आता तुझ्या रेघा हुतील, तिच्या न्हाईत."