अक्काचं ‘स्प्रेड’

अक्का शब्दाचा अर्थ पाठ करत नसे, त्याला कामाला लावून बघत असे. इंग्रजी शब्द असला तर जास्तच. चुलीपुढे, मोरीवर, गच्चीत, जिथे हात चालू असेल तिथे तो शब्द चालला पाहिजे, तरच ती त्याला घरात घेई.

धुळ्यात ती आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. नवरा वारल्यावर त्याच्या कचेरीने तिला शिपायाच्या जागेवर घेतलं. दहावी झाली तर कारकुनाची जागा मिळणार होती. बाकीचे विषय सुटले होते, इंग्रजी मात्र दोनदा राहिलं होतं. “जूनच्या निकालापर्यंत जागा थांबेल, पुढे नाही,” असं कचेरीतल्या बडेबाबूंनी, म्हणजे मुख्य कारकुनांनी, बजावलं होतं. मी तेव्हा बी. ए. करत होते, म्हणून अक्का पुस्तक घेऊन माझ्याकडे येऊ लागली.

एकदा गच्चीत ती बिबडी, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होती. मी पुस्तकातून सांगितलं, “स्प्रेड म्हणजे पसरणे.” ओल्या कापडावर पीठ थापता थापता ती थांबली.

“कोनतं पसरनं? बिबडं पसरस, वास पसरस, गावभर चुगली पसरस.”

“सगळ्याला हाच शब्द.”

“हाई बठ्ठं एकच शब्दमा?” तिला फार आनंद झाला. पुढे त्याची तिन्ही रूपं सारखीच असतात असं कळल्यावर तर ती म्हणाली, “तिन्ही काळात बदलत नही! असा मानूस कुठं भेटस, वं माय?”

मी आणखी क्रियापदं लिहून दिली. ती तिने बाजूला ठेवली. “दहा पाहुन्यांना नुसता चहा पाजन्यापेक्षा एकाला पोटभर जेवू घालावं,” हे तिचं म्हणणं. मग गाद्या घालताना, डाळ वाळत टाकताना ती भिंतीपलीकडून मला इंग्रजी वाक्यं ओरडून ऐकवी. वाक्य चुकलं की मी इकडून ओरडे, आणि ती गादी गुंडाळून पुन्हा घाली. समोरची बाई एकदा म्हणाली, “काय अक्का, या वयात मडमीण होणार का?”

“मडमीण नही,” अक्का म्हणाली, “बाबू व्हसू!”

पेपर देऊन आली ती थेट माझ्याकडे. लग्नसमारंभावर निबंध होता. तिने सतरंजी स्प्रेड केली, अत्तराचा वास स्प्रेड केला आणि शेवटी नवरीच्या काकीकडून मांडवभर भांडणही स्प्रेड करवलं होतं. मी कपाळाला हात लावला. “अगं, भांडण असं नाही गं स्प्रेड होत!”

“मना माहेरनं भांडन तू देखं नही अजून!”

इंग्रजीत ती काठावर सुटली. भांडणाला गुण मिळाले की नाही, कुणास ठाऊक.

गेल्या महिन्यात जळगावला मला ती गेल्याचा निरोप आला. शेवटच्या आजारात ती फार वाळली होती म्हणतात. ती अक्का मी पाहिली नाही. मला दिसते ती कारकून म्हणून रुजू व्हायला निघालेली. त्या सकाळी तिने मला सोबत नेलं होतं.

बडेबाबूंनी वर न बघताच सवयीने म्हटलं, “अक्का, पाणी.”

तिने पेला भरून ठेवला. “आता माझं टेबल दाखवा, साहेब.”

“टेबल आहे. खुर्ची मागवावी लागेल. तोवर आपल्या जुन्या स्टुलावर बसा.”

अक्का मला घेऊन घरी आली, स्वतःची पत्र्याची खुर्ची रिक्षात घातली आणि पुन्हा कचेरीत गेली. खुर्ची टेबलामागे मांडून बसली.

“घरची खुर्ची इथे चालत नाही,” बडेबाबू म्हणाले.

“मग कचेरीची आणा. तोवर मी उठत नाही.”

सगळी कचेरी माना वर करून बघत होती. मला तिथे उभं राहणं अवघड झालं, पण तिला एकटं सोडवेना. अक्काने पदर खोचला, समोरची पहिली फाइल ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तू जाय आते. माले काम शे.”