शिव्यांवर वाढलेला पारिजातक

फुलचूरला आमच्या शेजारी फॉरेस्टमधून रिटायर झालेले एक गृहस्थ राहतात. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत पारिजातकाच्या चपट्या बिया पेरतात आणि रोज सकाळी पाणी घालताना एकेकीला बाहेर निघायचा दम देतात, "निंग ना बे! कायले लाजून राहिला?" बिया महिनाभर ऐकून घेतात, मग घाबरून उगवतात.

त्यातलं एक रोप त्यांनी मला दिलं. उन्हाळ्यात पानं झडून नुसती काडी उरली, तेव्हा मी खुरपं घेऊन बसलो. हे कुंपणावरून ओरडले, "काऊन उपटून राहिला गा? जित्ता आहे तो!" आत येऊन त्यांनी अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. खाली हिरवं होतं. खुरपं त्यांनी जप्त केलं, ते अजून परत दिलेलं नाही.

यंदा मी टायफॉइडनं पंधरा दिवस अंथरुणात होतो. भेटायला येणारे हळू आवाजात बोलून बायकोला आणखी घाबरवत. हे आले, माझ्या दंडावर नख ओढलं, चष्मा सारखा करून निरखलं.

"हिरवा आहे," बायकोला म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"निंग ना बे! कायले लाजून राहिला?"

मी घाबरून उठून बसलो.