पुढे चहा

वाचनालयाच्या वरच्या सभागृहात साठ लोखंडी खुर्च्या आहेत. त्यातली कोणती डुगडुगते, कोणतीच्या कडेला कपडा अडकतो, कोणती ऐन रंगात आलेल्या भाषणात कुरकुरते, हे काकांना तोंडपाठ आहे. सत्तावीस वर्षं दर शनिवारी त्या मांडायच्या आणि कार्यक्रम संपला की घडी करून भिंतीला लावायच्या, हे त्यांचं काम. कागदोपत्री ते शिपाई. खरं सांगायचं तर फळा लिहिणारे तेच, माइक लावणारे तेच, पाहुण्यांना जिना दाखवणारे तेच आणि चहा करणारेही तेच. या चहापायीच तर सगळी कथा घडली.

त्याचं असं आहे. शनिवारचा कार्यक्रम पाचला सुरू होतो आणि सव्वासहाला संपतो. प्रवेश विनामूल्य, चहाही विनामूल्य. आता साठ माणसांचा चहा काही फुंकर मारून होत नाही. खालच्या मागच्या खोलीत एक शेगडी, एक मोठं पातेलं. म्हणजे पाच चाळीसला काकांनी सभागृहातून उठलंच पाहिजे. उठलंच म्हणायला ते बसलेले तरी कुठे असतात! दाराशी, दिव्यांच्या बटणांजवळ उभे. पाच चाळीस झाले की पाय आपोआप जिन्याकडे वळतात. त्यामुळे झालं काय, तर या माणसाला जगातल्या यच्चयावत विषयांचा पूर्वार्ध येतो. उत्तरार्धाच्या नावाने शंख! मूतखडा कसा होतो ते काका तुम्हाला बसल्या जागी समजावून सांगतील, कसा काढतात ते विचारू नका. धूमकेतू आला हे माहीत, गेला कुठे ते ठाऊक नाही. एकदा रहस्यकथेचं वाचन होतं. खून कुणाचा झाला ते काकांना आजही आठवतं. केला कुणी, देव जाणे.

प्रदर्शनांचं मात्र बरं होतं. चित्रं, जुने नकाशे, शंखशिंपले, काय वाटेल ते असो, चहा होईपर्यंत ते कुठे पळून जात नाही. रविवारी सकाळी काका बायकोला घेऊन यायचे आणि दोघं सावकाश, एकेका चित्रापुढे थांबत, सगळं प्रदर्शन पुरं बघायचे.

पण खरी गंमत शनिवारी घरी गेल्यावर. काकू शिलाई मशीनवर बसलेल्या असायच्या. काका चपला काढता काढताच सुरू व्हायचे. "अगं, मधमाशीला फूल सापडलं ना, की ती पोळ्यात येऊन चक्क नाच करते. त्या नाचावरून बाकीच्यांना कळतं, फूल कुठल्या दिशेला आणि किती लांब."

काकू मशीन थांबवायच्या. "आणि पुढे?"

"पुढे चहा!"

दोघं हसायचे. मग काकू म्हणायच्या, "थांबा, मी सांगते पुढचं," आणि द्यायच्या ठोकून. मधमाशीला बाकीच्या म्हणतात, बाई गं, आधी पोळ्यातली कामं आटप, मग नाच. मूतखडा म्हणे घरात सासू राहायला आली की घाबरून आपोआप पडतो. किती व्याख्यात्यांनी घाम गाळून तयार केलेले उत्तरार्ध काकूंनी असे मशीनवर बसल्या बसल्या शिवून टाकले, त्याची गणतीच नाही. काका म्हणायचे, "तुझे बरे आहेत. त्या लोकांचे ऐकून मला करायचंय काय?"

पाच महिन्यांपूर्वी त्याच मशीनवर काकूंना पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आल्या. हात हळूहळू वळायला लागला, पाय ओढत का होईना चालायला लागल्या. वाचा मात्र गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, डोळ्यांत दिसायचं की कळलंय. पण बोलायला तोंड उघडलं की शब्द जागेवर नसायचा. मग त्या ओठ मिटून भिंतीकडे बघायच्या. काकांना ते बघवायचं नाही, म्हणून ते तशी वेळच येऊ द्यायचे नाहीत. तिची मान वळली की पाणी. बोट हललं की शाल. लेकीचा फोन आला की आईच्या वतीने हेच बोलायचे, "आई म्हणतेय, मी बरी आहे." शनिवारचं सांगणंही बंद पडलं. सांगायचं कुणाला? "आणि पुढे?" विचारणारं कोण होतं?

बोलणं शिकवणाऱ्या तज्ज्ञ असतात, त्यांना दाखवा, असं डॉक्टर म्हणाले होते. दाखवायला काकांची ना नव्हती. पण मोठ्या दवाखान्याने तारीख दिली, तीही अजून चार महिने लांब. उशीर झाला तर बोलणं परत येणं कठीण होत जातं, असं कुणीतरी वर कानावर घातलं होतं. तेव्हापासून काकांची झोपच उडाली.

आणि एका सोमवारी ग्रंथपाल मॅडमनी फळ्यासाठी चिठ्ठी दिली. काका खडू घेऊन लिहायला लागले. 'झटक्यानंतर गेलेली वाचा: घरच्या माणसांनी काय करावं? वाचोपचार तज्ज्ञांचं व्याख्यान. शनिवार, सायंकाळी पाच. प्रवेश विनामूल्य, सर्वांचं स्वागत.' लिहून झाल्यावर ते तिथेच उभे राहिले. दोनदा वाचलं. मग त्यांच्या लक्षात आलं की घरच्या माणसांनी काय करावं, हे व्याख्यानाच्या उत्तरार्धात येणार.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? सांगावं की मॅडमना, आज चहा करणार नाही म्हणून. तुम्हाला म्हणायला काय जातंय! मॅडमना वाचनालयात सगळे पाठीमागे घड्याळबाई म्हणतात. पाच म्हणजे पाच, सव्वासहा म्हणजे सव्वासहा. एकदा पाहुणे सात मिनिटं उशिरा आले तर बाईंनी त्यांच्याशिवाय प्रास्ताविक उरकलं होतं. आणि काकांनी सत्तावीस वर्षांत स्वतःसाठी तोंड उघडून काही मागितलेलं नाही. त्यांनी आपली एक युक्ती काढली. चारलाच चहा करायचा, दोन मोठ्या थर्मासांत भरून ठेवायचा, आणि व्याख्यान अथपासून इतिपर्यंत ऐकायचं.

शनिवारी ते काकूंना रिक्षाने घेऊन आले. आणि जिन्याने घात केला. बावीस पायऱ्या. काकू एक पायरी चढायच्या, थांबायच्या, कठड्याला धरून पुन्हा एक. काकांनी घाई केली नाही, पण वर पोहोचेपर्यंत पावणेपाच वाजले, लोक यायला लागले, माइक खरखरायला लागला. थर्मास राहिले कोरडेच.

काकूंना त्यांनी भिंतीकडेला, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर बसवलं. शेजारी पोस्टमास्तर. हे निवृत्त गृहस्थ एकही शनिवार चुकवत नाहीत आणि प्रश्न विचारायला उभे राहिले की खाली बसत नाहीत. पण माणूस मनाने चांगला. म्हणाले, "काका, वहिनींची काळजी सोडा. मी आहे."

व्याख्यात्या बाई वयाने काकांच्या लेकीएवढ्या, आवाज स्वच्छ. मेंदूत भाषा कुठे राहते, झटक्याने तिथली वाट कशी बंद पडते, शब्द मरत नाही, फक्त सापडत नाही, हे त्यांनी चित्रं दाखवून सांगितलं. काका दाराशी उभे राहून जिवाचा कान करून ऐकत होते. म्हणजे गेलेलं नाही! आत आहे! त्यांना वाटलं, धावत जाऊन हिला सांगावं. मग आठवलं, ती इथेच तर बसलीय.

आणि पाच चाळीस झाले.

पुढचं ऐकून तुम्हाला राग येईल. मलाही येतो. काकांनी ठरवून काही केलं नाही. पाय वळले, जिना उतरले, शेगडी पेटली, पातेल्यात पाणी पडलं. चहापत्तीचा डबा हातात आला तेव्हा माणूस भानावर आला. सत्तावीस वर्षांच्या सवयीने ऐन वेळी दगा दिला होता. वर जावं तर चहा कोण करणार? चहा करावा तर वर जे चाललंय ते गेलं ते गेलंच. डबा तसाच धरून ते उभे राहिले.

"काका!" दारात मॅडम. "तुम्ही इथे काय करताय?"

"चहा, मॅडम. पाच चाळीस…"

"घड्याळ मला कळतं. त्या बाईंना मी तीन महिन्यांत सहा पत्रं लिहिली. कुणासाठी? पोस्टमास्तरांसाठी? त्यांची जीभ तर थांबवायला तज्ज्ञ आणावा लागेल!" त्यांनी काकांच्या हातातला डबा जवळजवळ हिसकावला. "मला वाटलं, आज तरी हा माणूस जागचा हलणार नाही. जा वर. गाळणं कुठंय?"

"मॅडम, साठ कप आहेत, तुम्हाला…"

"मला चहा येतो."

येत नव्हता, ते पुढे कळलंच. पण काका तोवर निम्मा जिना चढून गेले होते. मधली पाच-सात मिनिटं बुडाली. त्यात काय सांगितलं गेलं ते त्यांना अजून माहीत नाही.

पोस्टमास्तरांनी काहीएक न बोलता आपली खुर्ची रिकामी केली आणि स्वतः दाराशी, बटणांजवळ जाऊन उभे राहिले. काका सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा या सभागृहात खुर्चीवर बसले. नेमकी डुगडुगणारी होती.

"आता घरच्यांची एक हमखास चूक," बाई सांगत होत्या. "तुम्ही फार धावता. त्यांनी नुसतं बघितलं की पाणी आणता. कुणी काही विचारलं की उत्तर तुम्हीच देता. मायेने करता हो, पण त्यांनी बोलायचं कधी?"

काकांनी मान खाली घातली. त्यांना भयंकर लाज वाटली. पाच महिने आपण हिला जपतोय असं समजत होते, आणि हिच्या वाटणीचं बोलणंसुद्धा आपणच खाऊन बसलो! काकूंनी मात्र त्यांच्याकडे एक तिरका कटाक्ष टाकला. 'ऐका, ऐका नीट,' असा.

"तुमच्या घरातलं वर्षानुवर्षांच्या सवयीचं एखादं वाक्य घ्या," बाई म्हणाल्या. "अर्धं तुम्ही बोला. आणि थांबा. मनात वीसपर्यंत मोजा. काही झालं तरी उरलेलं तुम्ही बोलू नका. आज नाही आलं तर उद्या पुन्हा."

सव्वासहाला चहा आला. म्हणजे सहा पंचवीसला आला, पण घड्याळबाईंना ते सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. लोकांनी एक घोट घेतला, एकमेकांकडे बघितलं आणि निमूटपणे कप संपवले. बाईंभोवती माणसं जमली, पोस्टमास्तरांनी चार प्रश्न विचारले, हळूहळू सगळे पांगले. काकांनी अठ्ठावन्न खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या. मग दोन कप घेऊन ते काकूंशेजारी येऊन बसले. कप मधल्या स्टुलावर ठेवले.



"अगं," काका म्हणाले. "ती मधमाशी आठवते? फूल सापडलं की पोळ्यात येऊन नाच करते. बाकीच्यांना कळतं, फूल कुठंय. आणि पुढे…"

ते थांबले. एक, दोन, तीन. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. ओठ हलले, मिटले. सात, आठ. भिंतीकडे मान वळली. काकांचा हात पुढे होत होता, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला. बारा. मान परत वळली. कपाळावर आठी, ओठ गोल, मग आडवे. सोळा. सतरा.

"च…"

काकांनी श्वाससुद्धा सोडला नाही.

"च… हा."

"काय?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"चहा," काकू म्हणाल्या. एवढंही येऊ नये का तुम्हाला, अशा सुरात.

काका रडले. उघड, आवाज करून, नाक ओढत रडले. साठ वर्षांचा माणूस दोन खुर्च्यांच्या सभागृहात पोरासारखा रडला, आणि रडलाच पाहिजे होता. काकूंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी चांगल्या हाताने कप उचलला, एक घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की काकांना रडता रडता हसू फुटलं.

"सा…" काकू म्हणाल्या. थांबल्या. या वेळी काकांनी अर्धं वाक्य दिलेलं नव्हतं, काहीच दिलेलं नव्हतं. "सा… खर."

मागितल्यावर धावायला बाईंनी बंदी घातलेली नव्हती. काका धावले. खाली मॅडम करपलेलं पातेलं घासत होत्या.

"काय राहिलं?"

"साखर, मॅडम."

"घातली की मी…" मॅडम थांबल्या. डब्याकडे बघितलं. डबा काठोकाठ भरलेला. "नाही घातली वाटतं. साठ माणसं प्यायली, कुणी बोललं नाही! तुम्हाला कोण म्हणालं?"

"ती म्हणाली."

मॅडमचा घासता हात थांबला. "म्हणाली?"

"म्हणाली, मॅडम. तोंडाने मागितली."

मॅडमनी ओले हात साडीलाच पुसले, साखरेचा अख्खा डबा उचलला आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर निघाल्या. चमचा घ्यायचं राहिलं होतं, तो काकांनी मागून नेला.