ठिपक्याखालची चार घरं

मंगळवारी फुलंब्रीच्या पुढं एका वस्तीवर गेले होते. तिथून आल्यापासून काही सुचत नाहीये, म्हणून लिहितेय. जरा लांबलंय... सांभाळून घ्या.

माझं काम तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहितीये. उपग्रहाचे फोटो लॅपटॉपवर बघायचे आणि छपरं दिसतील तिथं खूण करायची. यंदा पाणी नाही, त्यामुळं आमच्या ऑफिसकडं वाड्या-वस्त्यांची यादी करायचं काम आलं. टँकर कुठं कुठं जाणार ते त्या यादीवरून ठरतं.

फोटोचे सारखे चौकोन पाडलेले असतात. एक चौकोन स्क्रीनभर येतो, खुणा करायच्या, बटण दाबायचं, पुढचा येतो. नकाशा सरकवत बसलं तर दिवसाचं काम उरकत नाही, म्हणून आम्ही कुणीच सरकवत नाही.

आता लॅपटॉपचं सांगते. बजाजनगरहून ऑफिसला जाताना एकाच बॅगेत लॅपटॉप आणि स्टीलचा डबा... बसमध्ये ही गर्दी, बॅग दाबली जायची. एक दिवस स्क्रीनवर उजव्या बाजूला सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. दोन-तीन महिन्यांत तो तुरीच्या दाण्याएवढा झाला.

नवरा वाळूजला एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणाला, "आमच्यात एवढ्या डागावर अख्खा लॉट परत जातो, आणि तू दिवसभर त्याच्यातून बघतेस?" मी म्हटलं, तुमची क्वालिटी कंपनीतच ठेवा, मला चार दिवस लॅपटॉप दुरुस्तीला द्यायला वेळ नाही. खरं सांगायचं तर आळस. आणि थोडी मिजास पण... आपल्या नजरेतून काही सुटत नाही ही.

शहराच्या बाजूचं काम करताना काही बिघडलंही नाही. पैठण रोडनं चितेगावपर्यंत इतकी बांधकामं झालीत, की ठिपक्याखाली चार छपरं गेली तरी शेजारची पन्नास दिसतात. हळूहळू तो ठिपका मला जाणवायचाच बंद झाला. डोळ्यांना सवय होते हो कशाचीही.

मग एक तक्रार आली. फुलंब्रीच्या पुढच्या एका गावाच्या शिवारात धनगरांची वस्ती आहे, यादीत नाव नाही, टँकर गावातूनच परत जातो. सरांनी मला बघायला सांगितलं. मी तिथला चौकोन पुन्हा उघडला... माळ, ओढा, दोन झाडं. लिहून टाकलं, "सदर ठिकाणी वस्ती आढळली नाही." दोन मिनिटांचं काम.

महिन्याभरानं तीच तक्रार परत. मी सरांशी चक्क वाद घातला, म्हटलं लोक काहीही लिहितात. सर शांतपणे म्हणाले, "मग एकदा जाऊन या."

गेले... वस्ती होती. पत्र्याची चार घरं, मेंढरं कोंडायचं वाडगं, एक मोठा लिंब. मी पोचले तेव्हा साठीच्या हौसाबाई आणि त्यांची सून पाणी घेऊन येत होत्या, दोघींच्या डोक्यावर दोन दोन हंडे. टँकर गावात रिकामा होतो, तिथून वस्ती अडीच किलोमीटर. दिवसाला तीन खेपा.

"निम्मी मेंढरं पाव्हण्याकडं धाडली," हौसाबाई हंडा उतरवत म्हणाल्या. "प्यायलाच नाय तर ठिवून काय करायचं?" मग माझ्या बॅगेकडं बघून, "तुमीच करता व्हय नकाशे? आमी कुठं हावोत त्यात, दावा की."

लिंबाखाली बाजेवर बसून मी लॅपटॉप उघडला. खोटं कशाला बोलू, तुम्ही यात नाही हे दाखवायलाच उघडला. हौसाबाईंनी फोटोतलं झाड लगेच ओळखलं. "ह्यो आमचा लिंब. मग घरं ह्याच्या उगवतीला पायजेत." त्यांनी बोट टेकवलं... नेमकं ठिपक्यावर. "हितं डाग पडलाय बगा तुमच्या."

मी नकाशा बोटभर सरकवला. ठिपका जागच्या जागी राहिला, आणि त्याच्याखालून चार छपरं बाहेर आली. वाडगं, पायवाट... सगळं स्वच्छ.

मी म्हटलं, "मावशी, चूक माझी आहे. इथं वस्ती नाही असं मीच लिहून दिलं होतं." सून म्हणाली, "महिनाभर माना मोडल्या आमच्या, ताई. एकडाव येऊन तरी बघायचं." बरोबरच होतं तिचं. मी खाली मान घालून ऐकलं.

तिथंच बसून खूण केली, वस्तीचं नाव टाकलं, आधीचं उत्तर कुणी आणि कसं चुकवलं तेही लिहून पाठवलं. शुक्रवारी टँकर वस्तीवर गेला. दुसरा लॅपटॉप घेऊन मी तालुक्याचे सगळे चौकोन पुन्हा बघितले... आणखी एक वस्ती निघाली. तिथंही कुणीतरी हंडे वाहतच असणार.

पण डोक्यातून जात नाही तो चहा. मी निघायला उठले तर हौसाबाईंनी चूल पेटवली होती. मी म्हटलं, "नको मावशी, पाण्याचे एवढे हाल..." त्या म्हणाल्या, "पयल्यांदा दारी आलात. तशाच कशा जाताल?"

सुनेनं आत्ताच आणलेल्या हंड्यातून कपानं मोजून पाणी घेतलं. माझ्या एकटीपुरतं. हे पाणी या दोघींनी अडीच किलोमीटर डोक्यावर आणलं होतं, आणि माझ्यामुळं आणलं होतं. मी सगळा चहा प्यायले. त्यातला थेंबही टाकायची माझी हिंमत नव्हती.